डग्ग्याचा खिळा

स्वतःच्या छंदांची हजेरी घेणारा माणूस अख्ख्या जगात एकच जन्माला आला असणार, आणि तो नेमका पिंपरीला, कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायला आला. हे आमचे शेजारी टूलरूममध्ये कामाला. कामगाराला कानस किंवा पाना हवा असला की त्याने आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला यांच्याकडे द्यायचा. हे तो बिल्ला त्या हत्याराच्या खिळ्यावर टांगणार. हत्यार परत आलं की बिल्ला परत. संध्याकाळी एक जरी बिल्ला खिळ्यावर राहिला, तर काहीतरी बाहेर आहे असं समजायचं आणि ते आल्याशिवाय खोलीला कुलूप लावायचं नाही. सरळ, स्वच्छ पद्धत. मी स्वतः यादीची बाई आहे. दूध, धोबी, उसनी आलेली वाटी, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं आणि वाटी दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत जाते. त्यामुळे ही पद्धत मला ऐकताक्षणी पटली. हीच पद्धत यांनी घरीही चालवली आहे हे कळलं, तेव्हा मात्र मी लाटणं हातात तसंच धरून बघायला गेले.

समोरच्या भिंतीवर एक मोठी फळी, फळीवर खिळे. एकावर बासरी, एकावर गोफण, एकावर पतंग आणि फिरकी, एकावर भोवरा, एकावर रंगांच्या पुड्यांची पिशवी. प्रत्येक खिळ्याखाली खडूने तारीख. बासरी काढली की तिच्या जागी पितळी चकती, परत टांगली की नवी तारीख. रविवारी ज्या वस्तूची तारीख सगळ्यात शिळी, तिची पाळी. मी कारण विचारलं. म्हणाले, "ताई, आमच्या टूलरूमात एक कानस हाय, कोनी मागितलीच न्हाई. जागच्या जागी टांगून गंजली. घरी आलो न् म्हनलं, पोरवयात आपुन काय काय करायचो! बायको गेल्यापासनं नुसती शिफ्ट, भाकरी आन् झोप. मी काय लोखंडापेक्षा टिकाऊ हाय व्हय?"

मग काय, दर रविवारी कॉलनीला नवा देखावा. पतंगाच्या पाळीला पतंग धरून उभं राहायला कोणी नसे, म्हणून तो बाभळीच्या काट्याला अडकवायचा, लांब जाऊन दोरा खेचायचा. पतंग कमी आणि बाभूळ जास्त हलायची. चित्राच्या पाळीला म्हैस. आठवणीतली म्हैस, दर वेळी तीच, फक्त शिंगं सुधारत जायची. गोफणीच्या पाळीला एकदा एक गोटा पलीकडच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या कापडवाल्याच्या छपरावर जाऊन पडला. तो सिंधी दुकानदार गोटा हातात घेऊन तणतणत आला. यांनी गोटा निरखला, "आमचाच हाय, जमा करून घेतो," म्हणत फळीखालच्या डब्यात टाकला आणि त्याला चहा पाजला. एकदा उघड्या दारातून शेळी शिरली आणि पतंग खाऊन गेली. यांनी गल्लीभर धावून शेळीला गाठलं, तिच्या गळ्यातली घंटा सोडवली आणि पतंगाच्या खिळ्यावर टांगली. शेळीवाली भांडायला आली तर म्हणाले, "वस्तू आना, बिल्ला न्या." शेवटी बिचारीने पतंगाचा कागद आणून दिला तेव्हा घंटा सुटली.

दार उघडं कारण ते कधी बंदच नसायचं. रात्रपाळीला जातानाही नुसतं लोटलेलं. ह्याचं कारण फळीच्या अगदी कडेला होतं. तिथे दोन खिळे शेजारी शेजारी. एकावर तबला, आणि दुसऱ्यावर फक्त पितळी चकती. तबल्याच्या पाळीला हे उजव्या हाताने तबला वाजवायचे आणि डाव्या हाताने तेलाचा पालथा डबा. कॉलनीच्या भजनात एकदा त्यांना बसवलं, तर अभंगाच्या ऐन समेवर डब्याने असा काही आवाज केला की बुवा गायचे थांबून म्हणाले, "राव, हे भजन हाय, दवंडी न्हवं."

डग्ग्याची हकिकत त्यांनी मला एकदा दारात उभं राहून सांगितली. यांचं गाव महाळुंगे. वडील गेल्यावर यांचं आणि थोरल्या भावाचं बिनसलं, आणि पंच बसवून वाटणी झाली. दोन्ही भाऊ रागाने पेटलेले, त्यामुळे वाटणी अशी काटेकोर की विळे, हंडे, आंब्याची झाडं, सगळं निम्मंनिम्मं. तबला-डग्गा समोर आला. लहानपणापासून एक भाऊ गायचा, दुसरा वाजवायचा, मग अदलाबदल. पंचांनी विचारलं, "नग किती?" "दोन." "भाऊ किती?" "दोन." झालं! तबला धाकट्याला, डग्गा थोरल्याला. दोघांनाही कळत होतं की हा गाढवपणा आहे, पण आधी बोलायचं कोणी? यांनी तबला काखेत मारला आणि पिंपरी गाठली.

मी म्हटलं, "भाऊ, इतकी वर्षं परत न आलेली वस्तू खर्ची टाकावी. चकती काढा आणि दाराला कुलूप लावा. उद्या चोर यायचा."

"खर्ची कशी टाकायची? बाहेर गेल्याली वस्तू हाय ती. म्हाळुंगं काय विलायतेत हाय का? दादा कवाबी यील. आन् आला न् दाराला कुलूप दिसलं, तर तो पुन्यांदा यायचा न्हाई. लई मानी हाय."

"मग तुम्हीच जा की."

"मीबी त्याचाच भाऊ हाय ना ताई," असं म्हणून हसले आणि लगेच विषय बदलून त्यांनी मलाच पकडलं. "तुमचा खिळा कंचा?" मी म्हटलं, "माझा खिळा स्वयंपाकघरात. त्यावर झारा टांगलाय." पण मग उगाचच तोंडातून निघून गेलं, की मुलगी असताना मी भावाची बासरी चोरून गोठ्यात बसून वाजवायचे. त्यांची नजर फळीवरच्या बासरीकडे गेली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात महाळुंग्याचा एक माणूस सायकल मारत कारखान्याच्या फाटकावर आला आणि हे शिफ्ट अर्धी सोडून त्याच्याबरोबर गेले. तेरावा उरकून परतले ते डोकं भादरलेलं आणि काखेत धोतरात गुंडाळलेला डग्गा. मी पाणी नेऊन दिलं. तांब्या हातात धरून म्हणाले, "वहिनीनं दिला. म्हनली, भावजी, तुमचं दादा दर आईतवारी हा पुसून ठेवायचं. आपल्या गावची पोरं तुमच्या कारखान्यात हायत, त्यांनी सांगितलं होतं, धाकट्याचं दार उघडं असतंय. लई डाव निघालं, न् फाट्यावरनं माघारी आलं."

मग त्यांनी चकती काढली आणि डग्गा टांगला. फळी पहिल्यांदाच पूर्ण भरली. खाली खडूने तारीख घातली आणि म्हणाले, "ताई, तुमच्याकडं कुलूप असंल का एखादं?" माझ्याकडे जादा कुलूप असतंच. मी दिलं.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज येईना. ड्यूटीला जाताना कुलूप, येताना कुलूप. रविवार आले आणि गेले. बाभूळ हलली नाही, म्हैस रंगली नाही, जोडी मिळालेला तबलाही वाजला नाही. मुलं दाराशी घुटमळून परत जायची. सगळं जागच्या जागी होतं, आणि मला, सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या बाईला, ते बघवेना.

एका सकाळी मी पीठ मळत असताना ते दारात आले. एका हातात माझं कुलूप, दुसऱ्या हातात बासरी.

"ही घ्या. वाजवा."

"अहो, मला आता कुठली येतेय?"

"मग बसू द्या गंजत. पन तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मी चकती टांगलीय तिकडं."

तेवढंच बोलून गेले. थोड्या वेळाने दार नुसतं लोटल्याचा आवाज आला. कडी वाजली नाही. मग तबला, आणि त्याच्या मागोमाग दबकत डग्गा.

दुपारी सगळे बाहेर असले की मी बासरी काढते. अजून एक सूर धड लागतो, दुसऱ्याला वारा निघून जातो. भिंतीपलीकडून कधी ठेका येतो, कधी नाही. त्यांनी बासरी एकदाही मागितली नाही, आणि उसनी आलेली वाटीसुद्धा दुसऱ्या दिवशी परत करणारी मी, ती परत द्यायचं काही नाव काढत नाही.