मधला स्पीकर

सौंसरात आमच्याकडे डिशचं काम करणारा मिस्त्री कोणत्याही कामाला "दोन मिनटाचं काम हाये" म्हणतो आणि मग अख्खी दुपार काढतो. होम थेटर जोडायला आला तेव्हाही तेच झालं. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. टीव्हीवरचं समजत नाही म्हणून ते आमच्यात बसेनासे झाले होते. त्यांच्यासाठीच मी ते आणलं होतं.

सेटटॉप बॉक्सच्या मागे डोकं घालून मिस्त्री वायरींशी बोलत होता. "तू कुठं चालली? लाल हायेस ना, मंग लालमधी जा." मी माहितीपुस्तक पुढे केलं, तर त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

शेवटी पाचही स्पीकर वाजले. खिडक्या थरथरल्या. मी खूश झालो. बाबा मात्र खुर्चीत तसेच बसून होते.

"गाणं येऊन राहिलं," ते म्हणाले, "पण माणसं काय बोलून राहिली, ते समजत नाही."

मिस्त्रीने मला विचारलंही नाही. टीव्हीखालचा मधला स्पीकर उचलून त्याने स्टुलावर, थेट बाबांच्या कानाशी ठेवला. "काकाजी, बोलणं याच्यातूनच येते." बाकीच्या चारांचा आवाज त्याने पार कमी केला. माझं थेटर तिथेच संपलं. मग तो स्वतःही मांडी घालून त्यांच्या बाजूला बसला.

मालिकेतली सासू काहीतरी बोलली आणि बाबा एकदम हसले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारली, "अवं, इकडं ये लवकर! ही बुढी खोटं बोलून राहिली!"