आण्णांची नाडी

दवाखान्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से, दोन्ही साठत जातात. बाटल्या तरी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? सत्तरच्या दशकात मी कोरेगावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. हे सगळे किस्से एकट्या आण्णांचे!

आण्णा मिलिटरीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मान इतकी जाड, की कॉलरमध्ये मावायची नाही. साखर कारखान्यात जीप चालवायची नोकरी ठरलेली. अडलं होतं फक्त फिटनेस सर्टिफिकेटपाशी.

*

आमच्या डॉक्टरांची रीत अशी, की बी.पी. घेण्याआधी पेशंटला दहा मिनिटं आडवं करायचं. पडून सगळ्यांचं उतरतं. आण्णा मिनिटभरात घोरायला लागले आणि त्यांचं चढलं! बसून एकशे चाळीस, झोपून एकशे नव्वद.

"मशीन बिघडलं," डॉक्टर म्हणाले. माझं मोजलं, ठीक निघालं. मग स्वतःचं मोजलं, तर तेही चढलेलं!

*

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी झोपलेल्या आण्णांची नाडी धरली. घोरणं थांबलं. श्वासही! नाडी मंद मंद होत गेली. घड्याळ बंद पडलं की काय म्हणून डॉक्टरांनी ते कानाला लावलं. तेवढ्यात आण्णांनी कचकन श्वास ओढला आणि नाडी शर्यतीच्या बैलागत उधळली.

"ह्यांना हृदय एक आहे की दोन?" डॉक्टर मलाच विचारू लागले.

आण्णा डोळे चोळत म्हणाले, "झालो का पास?"

*

डॉक्टरांनी आण्णांच्या कारभारणीला विचारलं, "घरीही असंच?"

"आवं, श्वास थांबला की मी कोपरानं ढोसते. बावीस वर्सं ह्यास्नी मीच किक मारून चालू करतीया!"

*

साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी जाग्या आण्णांचा कार्डिओग्राम काढला. एकदम नॉर्मल! आमचे डॉक्टर फोनवर ओरडले, "झोपवून काढा!"

पलीकडून उत्तर आलं, "डॉक्टर, तुम्हीच जरा झोप घ्या."

*

शेवटी डॉक्टर म्हणाले, "कारखान्याची जीप चालवून दाखवा." आण्णांशेजारी डॉक्टर, मी मागं बसलो. रेल्वे फाटक बंद होतं. आण्णांनी इंजिन बंद केलं आणि लागले घोरायला. डॉक्टरांनी लगेच मनगट धरलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागचे ट्रकवाले बोंबलू लागले.

"थांबा रे, नाडी परत येतेय!" डॉक्टर ओरडले.

आण्णा दचकून उठले. घामाघूम डॉक्टरांकडं बघून मला म्हणाले, "ह्यास्नी मागं झोपव गड्या, लय बेजार दिसत्यात. गाडी मी चालवतो!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तीनदा खोडून सर्टिफिकेट लिहिलं : 'जागेपणी तंदुरुस्त. झोपेत काही सांगता येत नाही.'

कारखान्यानं ते नीट वाचलं, जीप दुसऱ्याला दिली आणि आण्णांना रात्रपाळीचा वॉचमन म्हणून नेमलं!