चादरीखालचे मास्क

रुग्णालयाच्या भांडारात तो एकवीस वर्षं होता. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याच्या खिडकीवरून कुणी कधी रिकाम्या हाताने परत गेलं नव्हतं. युक्ती साधी होती. मुख्य भांडार प्रत्येक मागणीला निम्मी कात्री लावायचं, म्हणून भाऊ दुप्पट लिहायचा.

साथीच्या दुसऱ्या महिन्यात त्याला ऑक्सिजनचे दोनशे मास्क हवे होते. त्याने चारशे लिहिले. पण मुख्य भांडारातली निम्मी माणसं आजारी होती, मागण्या तपासायला कुणी नव्हतं. ज्याची मागणी आधी, त्याला सगळा माल. भाऊला चारशेच्या चारशे मिळाले.

"लॉटरीच लागली की!" कारकूनबाई म्हणाल्या.

"लॉटरी कसली, अनुभव आहे बाई."

जास्तीची खोकी त्याने भिंतीला लावून रचली. वर चादर टाकली. आपण काही लपवतोय असं तेव्हा त्याला वाटलंही नाही.

दुपारी पलीकडच्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला.

"भाऊ, आमच्या वाट्याला एकही मास्क आला नाही हो. वीस-पंचवीस निघतील का?"

"अहो, इथे माझीच मारामार चाललीय."

सवयीने निघून गेलं तोंडातून. भांडारात काय आहे ते कुणाला कबूल करायचं नाही, ही जुनी सवय.

"बरं. एक मास्क दोघांना आलटून पालटून लावतोय. बघते."

फोन ठेवल्यावर त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. चादरीकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची सही घेऊन तो दोनशे मास्क त्या दवाखान्यात घेऊन गेला. सिस्टर दारातच भेटली.

"देवासारखे धावून आलात! स्वतःचं कापून आणलंत ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही. काल तुमचा फोन आला तेव्हा होते माझ्याकडे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या दोघांपैकी..." त्याला पुढे विचारता येईना.

"एक आजोबा गेले. मास्कमुळेच गेले असं नाही म्हणता येणार. नाही असंही नाही म्हणता येणार."

"सिस्टर, दुप्पट तर सगळेच लिहितात..."

"आम्ही पन्नास लिहिले होते," ती म्हणाली. "पन्नासच हवे होते."

तिने खोकं उचललं आणि ती आत गेली. बाकीची खोकी भाऊने उंबऱ्यापाशी ठेवली. एकेक, आवाज न करता.