शीशा नव्हे, शिसं

मंडळी, आज दुपारी घरातल्या पाण्याच्या मीटरजवळचा जुना पाइप किल्लीनं खरवडून बघितला. चांदीसारखा चमकला. लोहचुंबक लावलं, चिकटलं न्हाई. म्हणजे शिशाचाच.

अम्मीला सांगितलं तर म्हणाली, “शीशा? काचेचा पाइप? मग तर साफच असंल.”

“काच न्हाई अम्मी, शिसं. ते पाण्यात उतरतं. लेकरांच्या डोक्याला लई वाईट.”

तिनं माझ्या लेकीच्या दुधाच्या बाटलीकडं बघितलं. “पण मी तर रोज पाणी उकळूनच देते की.”

उकळून शिसं जात न्हाई, हे माझ्या तोंडातून निघालंच न्हाई. गुमान पाण्याचा जार मागवला.

आता अम्मी जारचं पाणीबी उकळून राहिली. मी नुसता गॅसकडं बघत बसलोय.

तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?