निळ्या कोपऱ्याचा दोर

पहिल्याच फेरीत पोरीचं नाक फुटलं. रक्त ओठांवरून हनुवटीवर, तिथून रिंगच्या कोऱ्या कॅनव्हासवर. विद्यापीठाचं अख्खं स्टेडियम "मार! फोड तिला!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, आणि तिचा बाप रिंगखाली उभा राहून दातओठ खात होता.

बाप म्हणजे पानामामा. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून हे नाव. सव्वीस वर्षं या एका छताखाली त्यानं काय काय उभं केलं! सकाळी पदवीदानाच्या खुर्च्या, दुपारी बास्केटबॉलचे खांब, संध्याकाळी गाण्याचं स्टेज, आज ही रिंग. हाताखालच्या माणसानं एक बोल्ट ढिला ठेवला, तर कानाखाली जाळ काढायचा. "उद्या कुणाचं डोकं फुटलं, तर तुझा बाप भरून देणार का रे?"

असा हा कडक गडी, पण पोर बॉक्सिंगच्या अंतिम सामन्यात आली आणि पाघळला. जिंकली तर राष्ट्रीय शिबिरात जागा. हरली तर वय संपलं, पुन्हा संधी नाही. मागं झुकून ठोसे चुकवायची तिची सवय. कोपरा निळा मिळालेला. म्हणून पंच रिंग तपासून गेल्यावर त्यानं त्या बाजूचा मधला दोर चार आटे सैल सोडला. वीतभर जागा जास्त मिळेल, एवढंच. पोरीला चकार शब्द बोलला नाही.

आणि कपड्यांच्या रंगाचा काहीतरी घोळ झाला नि पंचांनी आयत्या वेळी कोपरे बदलले! आता सैल दोर दुसऱ्या पोरीच्या पाठीशी. "थांबा" म्हणायचं, पाना फिरवायचा, दोन मिनिटांचं काम. पण कारण काय सांगायचं? घंटा झाली, पहिली फेरी तशीच गेली आणि दुसऱ्या फेरीत त्याची पोर पेटली. डावा, उजवा, बरगडीत एक. पोर जिंकत होती हो! मेल्यानं पाना कमरेचा काढलाच नाही.

तिसऱ्या फेरीत पोरीनं समोरचीला त्याच सैल दोरावर गाठलं आणि जबड्यावर ठेवून दिली. घट्ट दोरानं तिला पेललं असतं. हा वाकला. ती पोर दोरांमधून उलटी होऊन डोक्यावर खाली सिमेंटवर पडली.

पडलेल्या पोरीची आई खुर्च्या लाथाडत, किंचाळत धावली. पोरीच्या कानातून रक्त येत होतं. डॉक्टरनं मान धरून ठेवली होती.

पंच विजेतीचा हात वर करायला आले. तिनं मनगट सोडवून घेतलं, जाऊन तो दोर दाबून पाहिला आणि खाली उतरली.

"बाबा, हा तुम्ही सोडलात?"

"तुझ्यासाठीच गं, बाळा..."

पोरीचा ठोसा बसला आणि पुढचं वाक्य दातासकट घशात गेलं. मामानं हात आडवासुद्धा घातला नाही, गुडघ्यांवर बसला. पोर हमसाहमशी रडत होती.

"उठा. त्यांना सांगा. नाहीतर मी सांगते."

मामा उठला, तोंड पुसलं आणि पंचांच्या टेबलाकडे निघाला. वाटेत स्ट्रेचर आडवं आलं. ते जाईपर्यंत त्याला थांबावं लागलं.