‘भारी’ लिहिलेला डबा

माझं काम बॉयलर तपासण्याचं. कारखान्यात जायचं, टाकीवरची पाटी वाचायची, पाटीवर जेवढा दाब लिहिला आहे त्याच्या वर कोणी गेलेलं नाही ना, हे पाहायचं. पंचवीस वर्षं हेच करते आहे. त्यामुळे अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या आमच्या कॉलनीत जेव्हा कळलं की कोपऱ्यावरच्या घरातले काका गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, तेव्हा बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मी बघायला गेले.

काका नागपूरचे, निवृत्त मेकॅनिकल इंजिनीअर. त्यांच्यावर इथल्या मराठी मंडळात एक विनोद कायमचा होता. “काका गॅरेजमध्ये दारू भरतात,” असं कोणीतरी म्हणायचं आणि नवीन आलेली माणसं दचकून काकूंकडे बघायची. काकू शांतपणे सांगायच्या, “भरतात, पण पितळेच्या पुंगळीत. पिता येत नाही.”

त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर होती, दोन्ही पंचेचाळीस कॅलिबरची. एक मोठं, लोखंडी, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं. दुसरं लहान आणि हलकं, पाचच गोळ्यांचं. ते त्यांनी मुलीसाठी घेतलं होतं. मुलगी इथेच जन्मलेली, वन्यप्राण्यांवर काम करणारी. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात अस्वलांच्या नोंदी घेत आठवडे काढते. पाठीवर आधीच इतकं ओझं, त्यात मोठं रिव्हॉल्व्हर कोण वागवणार?

गोम अशी होती की दोन्हींना एकाच मापाचं काडतूस बसतं. मोठ्याच्या फिरत्या चक्राच्या भिंती जाड, म्हणून त्यात जास्त दाबाचं काडतूस चालतं. लहानाच्या भिंती पातळ. कॅलिबर मोठं म्हणजे भोकं मोठी, आणि चक्र लहान म्हणजे भोकांभोवती धातू थोडा. काकांनी मला ते चक्र खिडकीशी धरून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, “तुमच्या बॉयलरला पाटी असते. याला पाटी लावायला जागा नाही. म्हणून पाटी डोक्यात ठेवायची. बसतं म्हणून चालतं असं नाही.”

म्हणून ते दोन प्रकारची काडतुसं करायचे, दोन डब्यांत ठेवायचे आणि वहीत लिहायचे. माणूस काटेकोर होता. मला आवडायचा.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. गॅरेज आवरायला मी काकूंना मदत केली. मोठं रिव्हॉल्व्हर त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने रीतसर नेलं. अवजारं, काडतुसं भरायचं यंत्र, वही तशीच राहिली. डब्यांचं काय झालं हे मी विचारलं नाही. ती माझी चूक. टाकी हलवली की आत काय होतं हे विचारायचं असतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचा फोन आला. “मावशी, सॅटर्डेला फ्री आहेस? मी रेंजवर जातेय. बाबांसोबत जायचे ना मी, तर एकटी वियर्ड वाटतं. तू चल ना.”

मी म्हटलं, चल.

नेमबाजीच्या त्या रेंजवर सकाळी गर्दी नव्हती. आम्ही टोकाच्या टेबलापाशी गेलो. तिने पिशवीतून लहान रिव्हॉल्व्हर काढलं, नळी समोर ठेवून चक्र उघडलं, सगळं शिकवल्यासारखं. मग श्रीखंडाचा एक रिकामा डबा काढला आणि त्यातली काडतुसं एकेक करून भरायला लागली. मी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवत होते. डब्याच्या झाकणावर काळ्या मार्करने देवनागरीत एकच शब्द लिहिलेला दिसला: भारी.

“थांब,” मी म्हटलं.

“काय?”

“बाहेर काढ सगळ्या. आधी काढ, मग बोलू.”

तिने काढल्या. माझा आवाज कारखान्यातला लागला असणार. पाचही काडतुसं टेबलावर उभी केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“मावशी, डोन्ट बी ड्रामॅटिक. बाबांनीच केल्यात.”

“माहीत आहे. झाकणावर काय लिहिलंय?”

“भा-री.” तिने रविवारच्या मराठी शाळेतल्यासारखं अक्षर लावून वाचलं आणि हसली. “भारी! म्हणजे बेस्ट वाल्या. दुसरा डबा पण होता, त्याच्यावर ‘साध्या’. मी या घेतल्या. बाबा सेव्ह्ड द गुड वन्स फॉर मी.”

तेव्हा मला नेमकं कळलं काय झालंय ते. या पोरीने आयुष्यात ‘भारी’ हा शब्द ऐकला तो असा: भारी साडी, भारी दिसतेस, भारी झालंय पिठलं. भारी म्हणजे जड, जास्त दाबाचं, हे तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. पडणार तरी कुठून? तिच्या मराठीत कौतुक होतं, वजन नव्हतं.

“भारी म्हणजे जड,” मी म्हटलं. “त्या मोठ्यासाठी होत्या. यात दारू जास्त आहे.”

“पण बसल्या ना. बघ, परफेक्ट फिट.”

“बसणारच. पुंगळी तीच आहे. कुकरचा दाब वाढला तर शिट्टी होते, ती अडकली तर व्हॉल्व्ह उडतो. याला शिट्टीही नाही आणि व्हॉल्व्हही नाही. दाब वाढला तर चक्रच फाटतं, आणि चक्राच्या मागे तुझा हात असतो.”

तिने एक काडतूस उचललं. मग म्हणाली, “एक? फक्त एक उडवते. एकाने काय होणार?”

“कदाचित काहीच होणार नाही. मग तुला वाटेल चालतं, आणि पुढचं तू डोंगरात उडवशील.”

मी तिला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक काढ. तिने फोनवर शोधलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. ठरावीक दाबाचीच कारखान्यातली काडतुसं वापरा, जास्त दाबाची वापरू नका, घरी भरलेली वापरू नका, असं सरळ शब्दांत होतं. तिने दोनदा वाचलं. फोन पालथा ठेवला.

“मावशी, यू डोन्ट गेट इट. मला बेअरसाठी नकोयत या. हे बाबांच्या हातचं आहे. लास्ट. आता कोणी करणार नाही.”

आईने घातलेलं शेवटचं लोणचं मीही दोन वर्षं फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि शेवटी बुरशी आल्यावर टाकलं. ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “ईऽऽ, मावशी!” आणि मग रडली. मी पाणी दिलं. रेंजवर डोळे पुसायलाही सुरक्षेचा चष्मा काढायचा नसतो, म्हणून तिला बाहेर नेऊन बसवलं.

त्या दिवशी एकही गोळी उडली नाही. परत जाताना ड्राइव्ह मी केलं. डबा मागच्या सीटवर, झाकणाला टेप लावून.

काकूंनी दार उघडलं तेव्हा घरात थालीपीठाचा वास होता. मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. अशा गोष्टी गोल फिरवून सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. काकू ऐकत होत्या. उलथनं हातातच राहिलं.

“ते अक्षर माझं आहे,” त्या म्हणाल्या.

मुलीने वर बघितलं.

“त्यांचा हात थरथरायला लागला होता ना शेवटी. मला म्हणाले, तू लिही. मेतकुटाच्या डब्यावर लिहिते त्याच मार्करने लिहिलं. मी विचारलं, भारी म्हणजे काय हो? तर म्हणाले, तू लिही गं, मला कळतंय. आणि पोरी, तू डब्यांचं विचारलंस तेव्हा मीच तुला सांगितलं, हो, त्या चांगल्या असतील, घेऊन जा.”

“आई, इट्स ओके.”

“ओके कसं? माझ्या एका शब्दाने तुझा हात गेला असता.”

“गेला नाही,” मी म्हटलं. “थालीपीठ जळतंय.”

काकूंनी गॅस बंद केला. मुलगी उठली, आईच्या हातातून उलथनं घेतलं आणि पुढचं थालीपीठ स्वतः उलटलं. अर्धं मोडलं. “भारी झालंय,” काकू म्हणाल्या आणि पटकन जीभ चावली. मग तिघीही हसलो, काकू जरा जास्तच वेळ.

जेवण झाल्यावर मी गॅरेजमधून काकांची वही आणली. भारी काडतुसांच्या प्रत्येक नोंदीसमोर त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: फक्त मोठ्यात. दोघींना त्यांची चूक शोधायची नव्हती आणि ती सापडलीही नाही. पाटी होती. फक्त ती वहीत राहिली आणि डब्यावर एकच शब्द गेला.

पुढच्या शनिवारी आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. घरी राहिलेल्या ‘साध्या’ डब्यातली काडतुसंसुद्धा नेली, कारण ज्याने भरली त्याला आता विचारता येत नाही, अशी उडवायची नाहीत. त्याने एकेक काडतूस उघडून दारू वेगळी केली. गोळीचं शिसं एकीकडे, पितळ एकीकडे. मुलगी शेजारी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. एक रिकामी पुंगळी मागून घेतली. आता ती तिच्या किल्ल्यांना अडकवलेली आहे.

मे महिन्यात ती डोंगरात परत गेली, दुकानातली साध्या दाबाची काडतुसं घेऊन. जाण्याआधी तिने वहीच्या शेवटच्या पानावर, काकांच्या नोंदींखाली, स्वतः मराठीत एक ओळ लिहिली आणि मला फोटो पाठवला: “लहान साठि फक्त दुकानातल्या.” खाली विचारलं होतं, स्पेलिंग बरोबर आहे का?

‘ठि’ची वेलांटी चुकली होती. मी कळवलं, बरोबर आहे, जा आता.