कुणाचं काम आहे?

अक्कांनी ‘अमुक भाषा शीक’ असं कुणाला आपण होऊन कधी सांगितलं नाही. संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या बाईला हे परवडत नाही. जुळे सोलापुरात समोरच्याच इमारतीत दुसरा वर्ग होता, आणि त्याच्या पाटीवर प्रोग्रॅमिंगच्या भाषांची नावं पार खालपर्यंत उतरली होती. अक्कांच्या पाटीवर नुसतं ‘संगणक वर्ग’. पोरगं आत येऊन म्हणायचं, “पायथॉन शिकायचंय.” अक्का विचारायच्या, “कुणाचं काम आहे?” घाईत असल्या की हाच प्रश्न कन्नडात यायचा, “यार केलसा?” आमच्या सगळ्या बॅचला येणारं कन्नड तेवढं एकच वाक्य. “कुणाचं नाही, सगळे शिकतात म्हणून,” असं उत्तर आलं की त्या शांतपणे म्हणायच्या, “मग सगळे जातात तिकडंच जा की.” आणि पोरगं खरंच समोर जायचं.

मी गेलो तेव्हा व्हिडिओ बघून बघून जमवलेली भाषांची भलीमोठी यादी माझ्या तोंडपाठ होती आणि जीव टांगणीला लागला होता. वडिलांचं टेंभुर्णीला हायवेवर टायरचं दुकान. डिग्री झाल्यावर ते म्हणाले होते, “वरीसभर बघ काय हुतंय का. न्हाय जमलं तर हितं दुकानात बस की. कोण नगं म्हणतंय?” त्यात प्रेमच होतं, पण मला तो टायरचा वास नको होता. चुकीची भाषा निवडली की वर्ष गेलं आणि आपण दुकानात, एवढंच डोक्यात. अक्कांनी यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग मला संगणकाला हातही न लावू देता ओळखीच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात पाठवलं. “दिवसभर गप बस. कोण काय करतंय ते बघ. शहाणपणा करू नको.”

बसलो. ऑर्डर मेलवर यायची. एक जण ती एक्सेलमध्ये भरायचा, पॅकिंगवाले तीच पुन्हा आपल्या शीटमध्ये टाइप करायचे, आणि गोडाऊनपर्यंत जाईतो मोरपंखी टॉवेलचा आकाशी झालेला असायचा. मग फोनवर आरडाओरडा. संध्याकाळी हे सांगितल्यावर अक्का जाम खूश. “आता कळली का भाषा? माहिती एका जागी ठेवायची आणि पाहिजे तशी काढायची, त्याला एसक्यूएल. ती इकडून तिकडं आपोआप न्यायची, त्याला पायथॉन. यादीतल्या बाकीच्या थांबतील, त्यांना काय गाडी पकडायची नाही.” आमच्यातल्या एका मुलीला शेंगाचटणी विकणाऱ्या आईसाठी साइट करायची होती. तिला मात्र बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी जावास्क्रिप्टला बसवलं. आम्ही शेजारी बसून वेगवेगळं शिकायचो. समोरचे सर याला खिचडी म्हणायचे.

हा हट्ट अक्कांच्या संसारातूनच आला होता. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातून त्या लग्न होऊन सोलापुरात आल्या, तेव्हा मराठीचा गंध नव्हता. “आधी काय शिकले माहितीय? ‘एवढं महाग व्हय?’ रोजचं काम भाजीवालीशी ना! गोड बोलायचं मागाहून शिकले,” असं म्हणून त्या काकांकडं बघायच्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरात आणखी खोल शिरायचे. प्रोग्रॅम अडला की मात्र अक्का मशीनशी कन्नडातच भांडायच्या. मराठीत राग नीट येत नाही म्हणे.

वर्ष संपायच्या आत त्याच कारखान्यात मला काम लागलं, पुढं पुण्याला गेलो, आणि टायरचं दुकान माझ्यापासून वाचलं. भाषा येत-जात राहिल्या. आता तर अर्धा कोड मशीनच लिहून देतं. ते बघून मी अक्कांना फोन लावला, आता शिकू तरी काय? तिकडून तोच प्रश्न. “तुमचं आपलं एकच!” मी वैतागलो. “अजून पुरतंय की,” त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकांचा फोन आला. अक्कांना अर्धांगाचा झटका आला होता. त्या वाचल्या, बोलायलाही लागल्या, पण मराठी गेली आणि कन्नड तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मी भेटायला गेलो तेव्हा अक्का भडाभडा काहीतरी सांगत होत्या. काकांना त्यातले चार शब्द कळायचे, मला एकही नाही. मी नुसती मान डोलावत राहिलो. ते त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. जिनं मला मार्गाला लावलं, त्या बाईला साधं काय हवंय हे मला कळत नव्हतं. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनीच शिकवलेलं केलं. त्या खोलीत दिवसभर गप बसलो. अक्का कशाकडं हात करतात, कशानं चिडतात, ते बघितलं. आमच्या पुण्याच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विजापूरकडचे एक मामा आहेत. परत गेल्यावर त्यांच्याकडून आधी तेवढेच शब्द घेतले. पाणी, उशी, दुखतंय, पुरे, नको. मग हळूहळू वाक्यं. जेवायच्या सुट्टीत मी कन्नड घोकतोय हे बघून ऑफिसातले हसायचे, “याच्यावर कुठली नोकरी मिळते रे?” हसू देत.

दिवाळीला पुन्हा गेलो. अक्का खिडकीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांचा चांगला हात तांब्याकडं सरकताना दिसला. मी विचारलं, “नीरु बेका?” पाणी हवंय का?

मान वळली. मग ओठांचा एक कोपरा हलला.

“यार केलसा?”

“निम्मदे, अक्का,” मी म्हणालो. तुमचंच.

पेला तोंडाला लावायच्या आधी त्यांनी माझा उच्चार सुधारला.